32 रुपयांचा दाखला

पोस्ट मोठी आहे. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, सेतू केंद्र यांच्याशी ज्यांचा संबंध येतो त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांचा येत नाही त्यांनी तर नक्की वाचा.

सप्टेंबर 2011 मधली गोष्ट अनेकांना आठवत असेल. नियोजन आयोगानं सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं होतं. शहरात राहणारा माणूस दिवसाला 32 रुपयांपेक्षा जास्त खर्च करत असेल तर तो गरीब नाही, असा त्याचा अर्थ निघत होता. देशभर गदारोळ झाला. चॅनेलवर चर्चा झडल्या, "32 रुपयांत एक दिवस काढून दाखवा" अशी आव्हानं दिली गेली. आयोगाला सारवासारव करावी लागली. पुढं नियोजन आयोग गेला, नीती आयोग आला, आणि 32 रुपयांची थट्टा आपण सगळे विसरून गेलो.

आता आपल्या राज्यातला एक आकडा घ्या. 59,000.

महाराष्ट्रात शहरी भागातलं कुटुंब अन्नसुरक्षा योजनेत, म्हणजे 'प्राधान्य कुटुंब' म्हणून बसायचं असेल तर त्याचं वार्षिक उत्पन्न 59,000 रुपयांच्या आत पाहिजे. ग्रामीण भागाला 44,000. ही मर्यादा डिसेंबर 2013 मध्ये ठरली. पाच माणसांचं घर धरा. 59,000 भागिले पाच, भागिले 365. उत्तर येतं 32 रुपये 33 पैसे.

ज्या आकड्यावर अख्खा देश हसला आणि चिडला, तोच आकडा आपल्या शहरातल्या गोरगरिबांच्या धान्याचा निकष म्हणून आजही चालू आहे. तेव्हाचे 32 रुपये निदान खर्चाचे होते आणि तेव्हाच्या भावातले होते. हे उत्पन्नाचे आहेत आणि आजच्या भावात आहेत. यावर कोण हसत नाही आणि कोण चिडतही नाही, कारण आपण त्यावर एक सोपा तोडगा काढलाय. आपण खोटं बोलतो.

दुसऱ्या बाजूनं हिशेब करून बघा. घरातल्या एकाच माणसाला रोज 200 रुपये मिळतात आणि महिन्यात 25 दिवस काम लागतं. महिन्याचे झाले 5,000. वर्षाचे 60,000. संपलं. ते घर नियमानं बाहेर! नवरा आजारी असू दे, म्हातारी सासू असू दे, तीन पोरं शाळेत असू देत. कमावणारी एकटी बाई रोज 200 रुपये आणते म्हणून कागदावर तिचं घर गरीब राहत नाही.

सोलापुरात हा हिशेब कुणाला लागू पडतो हे सांगायची गरज नाही. अशोक चौकापासून कुंभारीच्या घरकुलापर्यंत दाराच्या उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई आपण रोज बघतो. शहरातल्या विडी कामगार महिलांचा साठ-सत्तर हजार हा आकडा वर्षानुवर्षं सांगितला जातो. पानं, तंबाखू, दोरा कारखान्यातून आणायचा, पानं भिजवायची, कापायची, वळायची, बांधायची, कारखान्यात नेऊन मोजून द्यायची. छाट निघाली तर ती गेली. पानं कमी पडली तर पदरच्या पैशानं आणायची. पण तिच्या नावावर मजुरी लिहिली जाते, पीएफ कापला जातो, पैसे बँकेत जमा होतात. म्हणजे तिची कमाई कागदावर आहे. पदरची पानं, गेलेली छाट, पाठीच्या दुखण्याच्या गोळ्या हे कुठल्याच कागदावर नाही.

आता त्याच पेठेतलं दुसरं घर घ्या. तळमजल्यावर चालतं दुकान, वर दोन खोल्या भाड्यानं, दारात गाडी. धंदा बराचसा रोखीत. त्या घरानं स्वघोषणापत्रावर "वार्षिक उत्पन्न 55,000" लिहिलं तर ते खोटं आहे हे सिद्ध करणारा कागद कुणाकडंच नाही.

कमाईची नोंद असलेला गरीब बाहेर पडतो आणि नोंद नसलेला बरा माणूस आत बसतो. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे. लोक खोटं बोलतात ही तक्रार जुनी आहे. पण खऱ्याची किंमत फक्त गरीबच मोजतो, हे कोण बोलत नाही.

वीस वर्षं बातमीदारी करताना दाखल्याच्या रांगा खूप बघितल्या. जून महिना आला की कुठल्याही गावातल्या सेतूसमोर जा. तिथला पहिला प्रश्न "तुमचं उत्पन्न किती?" हा नसतोच. प्रश्न असतो, "दाखला कशाला पाहिजे?" कशाला पाहिजे ते सांगितलं की आकडा आपोआप ठरतो. रेशनला पाहिजे, 59 च्या आत. आरटीईतून पोराचा प्रवेश आहे, लाखाच्या आत. निराधारच्या पगाराला पाहिजे, 21 हजार. माणूस तोच, घर तेच, चूलही तीच. फक्त काम बदललं की उत्पन्न बदलतं. खाली ओळ छापलेली असते, माहिती खोटी आढळल्यास मी कायदेशीर कारवाईस पात्र राहीन. त्याच्यावर सही किंवा अंगठा.

या मर्यादा जरा ओळीनं मांडून बघा.

संजय गांधी निराधार योजना: वर्षाला 21,000. दिवसाला 57 रुपये, सगळ्या कुटुंबाचे मिळून.
अन्नसुरक्षा, शहरी: 59,000.
केशरी कार्ड: 15 हजारांच्या वर, 1 लाखाच्या आत. तिरंगी कार्डांची ही पद्धत 1 मे 1999 ला सुरू झाली. लाखाचा आकडा तेव्हाचा.
आरटीईचे 25 टक्के प्रवेश, आर्थिक दुर्बल घटक: 1 लाख.
लाडकी बहीण: अडीच लाख.
ईडब्ल्यूएस आरक्षण, इतर मागासांचं नॉन-क्रीमीलेअर, मुलींची उच्च शिक्षणाची फी माफी: 8 लाख.

एकाच राज्यात 21 हजारवालाही दुर्बल आणि 8 लाखवालाही दुर्बल. प्रत्येक योजनेचा हेतू वेगळा असतो, म्हणून मर्यादा वेगळ्या असू शकतात, हे मला मान्य आहे. पण एक गोष्ट नीट बघा. जिथं लाभार्थी शिकलेला, बोलणारा, मोर्चा काढणारा आहे तिथली मर्यादा वेळोवेळी वाढली. क्रीमीलेअरची मर्यादा 1993 ला 1 लाख होती, ती वाढत वाढत 2017 ला 8 लाखांवर गेली. जिथं लाभार्थी विधवा आहे, म्हातारा आहे, विडी वळणारी आहे, तिथली मर्यादा आहे तिथंच आहे.

लाडकी बहीणमध्ये तर आणखी गंमत झाली. मर्यादा अडीच लाखांची. पण पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागणार नाही असं ठरलं. केशरी कार्डाची मर्यादा 1 लाख. म्हणजे दोन लाख कमावणारं घर या योजनेला पात्र, पण केशरी कार्डाला अपात्र, आणि तरी पुरावा म्हणून केशरी कार्डच चालणार! यात कोण चुकलं म्हणायचं? कार्ड काढणारी बाई, की 1999 चा आकडा पुसायला विसरलेलं सरकार?

आता कुणी म्हणेल, 2013 मध्ये 59 हजार बरोबर असेल, नंतर महागाई वाढली. तेव्हाही ते बरोबर नव्हतं. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं 2011-12 साली महाराष्ट्राच्या शहरी भागाची दारिद्र्यरेषा होती माणशी महिना 1,126 रुपये. पाच माणसांच्या घराला वर्षाचे झाले 67,560. म्हणजे आपली मर्यादा जन्मली तेव्हाच पाच माणसांच्या घरासाठी सरकारी दारिद्र्यरेषेच्या खाली होती. आणि तेंडुलकरांची रेषा फार कमी आहे अशी ओरड तेव्हाच झाली होती. म्हणून रंगराजन समिती नेमली. तिचा अहवाल 2014 ला आला. त्यानंतर देशात नवी अधिकृत दारिद्र्यरेषाच ठरलेली नाही.

आज काय आहे? सरकारच्याच 2023-24 च्या उपभोग खर्च पाहणीत शहरी भारतात माणशी महिना सरासरी खर्च निघाला 6,996 रुपये. पाच माणसांचे 35 हजार रुपये महिन्याला. आणि आपली मर्यादा महिन्याला 4,916, सगळ्या घराची. सरासरीची गरिबीशी तुलना करू नये हे मलाही कळतं. पण एवढी दरी असेल तर ती रेषा गरीब शोधण्यासाठी ओढली की टाळण्यासाठी, असा प्रश्न पडतोच.

बरं, आकड्याच्या भिंतीतून पार झालात तरी पुढं दुसरी भिंत आहे. तिचं नाव 'इष्टांक'. रेशनच्या कामाला गेलेल्यांनी हा शब्द ऐकलाच असेल. "तुमचे कागद बरोबर आहेत, पण इष्टांक पूर्ण झालाय." राज्यात अन्नसुरक्षेचे लाभार्थी किती असावेत हे केंद्रानं ठरवून दिलंय. जवळपास 7 कोटी. शहरी लोकसंख्येच्या 45.34 टक्के, ग्रामीणच्या 76.32 टक्के. आणि लोकसंख्या कुठली? 2011 च्या जनगणनेची. त्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं होतं. त्यानंतर जन्मलेली पोरं आता सातवी-आठवीत गेली, लग्नं होऊन घरं वेगळी झाली. 2021 ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे. तोवर कुणाचं तरी नाव कमी झाल्याशिवाय दुसऱ्याचं चढत नाही. नव्या सुनेला धान्य पाहिजे असेल तर कुठल्या तरी घरातली म्हातारी मरायची वाट बघायची. वाक्य कडू आहे, पण कामकाज असंच चालतं.

काहीजण विचारतील, आता सगळ्यांना काम आहे, बेरोजगारी कमी झालीय, मग हे कशाला उगाळायचं? काम आहे हे खरं. पण कामाची मोजणी कशी होते तेही माहीत असू द्या. श्रमबलाच्या पाहणीत चालू साप्ताहिक स्थितीनुसार आठवड्यात एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणारी बाईसुद्धा रोजगारात. त्यामुळं सोलापूरसारख्या शहरात बेरोजगार फारसे सापडणारच नाहीत. इथं रिकामं बसणं परवडतं कुणाला? पोरगं पदवी घेऊन रेडीमेड कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावतं, नाहीतर हुतात्मा धरून पुणं गाठतं. आपल्याकडचा प्रश्न काम आहे की नाही हा नाही. कामातून घर चालतं का, हा आहे. आणि त्याचं उत्तर द्यायला उत्पन्न माहीत पाहिजे.

उत्पन्न एकेकाळी माहीत होतं. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जुनी गिरणी चालू होत्या तेव्हा हजारो घरांची कमाई मस्टरवर होती. पगाराची तारीख होती, पीएफ होता, बोनस होता. भोंगा वाजला की अख्ख्या पेठेला वेळ कळायची आणि पगार झाला की किराणा दुकानदाराला. गिरण्या गेल्या आणि ती घरं यंत्रमागावर, विडीवर, मार्केट यार्डातल्या हमालीवर, रिक्षावर, धुणीभांड्यांवर गेली. कमाई आठवड्याची झाली, नगावरची झाली, पोत्यावरची झाली. उचल घेतलेली असली तर हातात येईपर्यंत निम्मी झाली. असल्या कमाईचा 'वार्षिक' आकडा त्या माणसाला स्वतःलाच माहीत नसतो. त्याला विचारा, वर्षाला किती? तो तुमच्याच तोंडाकडं बघतो. मग सेतूवाला सांगेल तो आकडा तोच खरा.

याचा परिणाम रेशनपुरता राहत नाही. आपल्या शहरातल्या किती घरांत महिना दहा हजारांच्या आत येतात, किती घरं एकट्या बाईच्या कमाईवर चालतात, पुण्याला गेलेल्या पोराच्या पैशावर किती म्हातारी जोडपी जगतात, हे ठामपणे सांगणारा कागद महापालिकेकडं नाही, जिल्ह्याकडं नाही आणि आम्हा पत्रकारांकडंही नाही. नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकानुसार 2019-21 मध्ये महाराष्ट्रात 7.81 टक्के लोक गरीब होते. तो निर्देशांक आपल्या जागी उपयोगी आहे. शाळा, पोषण, संडास, वीज, बँक खातं असं तो मोजतो. पण हातात किती पैसे येतात हे त्यात नाही. बँकेत खातं आहे म्हणून एक काठ ओलांडला, खात्यात काय आहे हा विषय वेगळा.

केंद्रानं आता देशात पहिल्यांदाच घराघराच्या उत्पन्नाची स्वतंत्र पाहणी करायचं ठरवलंय, 2026 मध्ये. त्यासाठी अर्थतज्ज्ञ सुरजित भल्ला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. याआधी असे प्रयोग झाले आणि सोडून द्यावे लागले, कारण लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्याच खर्चापेक्षा आणि बचतीपेक्षा कमी निघायचं. नवल ते काय? ज्या देशात उत्पन्न विचारायला आलेला माणूस म्हणजे काहीतरी काढून घ्यायला आलेला माणूस, तिथं खरं कोण सांगेल? गरिबाला वाटतं रेशन जाईल. धंदेवाल्याला वाटतं कर लागेल. दोघंही कमीच सांगणार. ही सवय आपल्या रक्तातली म्हणून सोडून देऊ नका. ती दाखल्याच्या रांगेत शिकवली जाते, जून महिन्यात, दरवर्षी.

एका विडी कामगार भगिनीनं मजुरीवाढीच्या आंदोलनात मला विचारलेला प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. "मजुरी वाढली तर रेशन बंद करतील की ओ?" स्वतःच्या हक्काची मजुरी मागताना तिला ती मिळण्याची भीती वाटत होती. वाढ मिळणार दिवसाला थोडीफार, आणि त्यामुळं महिन्याचं माणशी पाच किलो धान्य गेलं तर? तिचा हिशेब चुकीचा नव्हता. चुकीची ती रेषा आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. मर्यादा वाढवली तर सगळेच आत येतील, तिजोरीवर बोजा पडेल, फुकटाची सवय लागेल. आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. फुकट धान्य बाजारात विकलं जातं हे आपण सगळे जाणतो. पण बघा, मर्यादा 59 हजारांवर ठेवून हे थांबलंय का? इष्टांक तर भरलेलाच आहे. कोट्यवधी लोक या अशक्य मर्यादेच्या 'आत' आहेतच. म्हणजे कमी मर्यादेनं बोगस लाभार्थी अडले नाहीत. अडला तो, ज्याला खोटा दाखला काढता आला नाही किंवा काढायची लाज वाटली. मर्यादा खरी केली तर निदान खोटं बोलणारा कोण हे ओळखता येईल. आज सगळेच खोटं बोलतात, त्यामुळं कुणावरच कारवाई करता येत नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं चार गोष्टींत.

पहिली. ही मर्यादा महागाई निर्देशांकाला बांधा. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैचा, ठरतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, महागाई त्यांनाही आहे. पण विडीवालीच्या घरात तेल वेगळ्या भावानं येतं का? नुसती भाववाढ धरली तरी 2013 चे 59 हजार आज लाखाच्या घरात जातात.

दुसरी. मर्यादा कुटुंबावर न ठेवता माणशी ठेवा. दोन माणसांचं घर आणि सात माणसांचं घर एकाच 59 हजारांत बसवणं हा हिशेब कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.

तिसरी. दाखल्यापेक्षा डोळ्यांना दिसतं ते मोजा. घर कसलं आहे, कमावणारे किती, काम कसलं, घरात आजारी-अपंग-विधवा कोण आहे. शहरी गरीब ओळखण्यासाठी हाशिम समितीनं 2012 लाच अशी पद्धत सुचवली होती. कोण आपोआप बाहेर, कोण आपोआप आत, उरलेल्यांना गुण. परिपूर्ण नाही, पण 55,000 लिहिलेल्या स्वघोषणापत्रापेक्षा कितीतरी बरी.

चौथी, आपल्या हातातली. उत्पन्नाचे दाखले आता ऑनलाइन निघतात. म्हणजे कुठल्या रकमेचे किती दाखले दिले हे सरकारच्या संगणकात आहे. प्रत्येक तालुक्यानं दरवर्षी तो तक्ता जाहीर करावा. 59 हजारांच्या एक पायरी खाली आणि लाखाच्या एक पायरी खाली किती गर्दी आहे ते लोकांना दिसू दे. त्या गर्दीकडं बघितलं की रेषा कुठं चुकली ते सांगायला समिती लागणार नाही. माहिती अधिकारात मागता येईल अशी ही माहिती आहे. मी अर्ज करणार आहे, तुम्हीही आपापल्या तालुक्यात करा.

आणि मत मागायला, सत्कार घ्यायला, फ्लेक्सवर वाढदिवस साजरे करायला आपल्या दारात येणाऱ्या नगरसेवक-आमदारांना एकच प्रश्न विचारा. रस्ता, पाणी, विमानसेवा यांचं नंतर बोलू. साहेब, दिवसाला 32 रुपये 33 पैशांत जगणारा एक माणूस तुमच्या प्रभागात दाखवा. नाही सापडला, तर ज्या मर्यादेत प्रभागातला एकही माणूस खरं बोलून बसत नाही, ती मर्यादा बदला म्हणून सभागृहात एकदा तरी उठून बोला.

तुमच्या घरी दाखल्याचा, कार्डाचा, इष्टांकाचा अनुभव असेल तर खाली लिहा. नाव द्यायचं नसेल तर इनबॉक्समध्ये लिहा. कमाईचा आकडा मात्र खरा लिहा. निदान इथं तरी, कारण माझ्याकडं बंद करायला कुणाचं रेशन नाही.